हललेली तार

मित्रांनो, मला उलटसुलट करून माझ्या पाठीवर पडदा शोधू नका. तिथे पडदा नाही. पाठ उघडलीत तर रिळासाठी केलेली जागा आणि थोडी धूळ, एवढेच सापडेल. मी रिळाचा जुना कॅमेरा आहे. माझ्या भिंगाच्या कडेला बुरशीची पांढरी जाळी धरली आहे, गळ्यातला चामडी पट्टा सुतळीने जोडलेला आहे, आणि रीळ पुढे सरकवायचा खटका ओढला की मी दमेकऱ्यासारखा आवाज करतो. तरी मला कुणी टाकून दिलेले नाही. रेणूच्या कपाटात एका फोटोच्या चौकटीला टेकून मी राहतो. त्या चौकटीची गोष्ट आज तुम्हांला सांगतो. ती सांगताना मला अजून लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून गोष्ट सांगायचीच नाही, हे काही बरे नव्हे.

माझा जन्म रशियातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. अंग सगळे धातूचे, वजन खलातल्या बत्त्यासारखे. रशिया तेव्हा ज्या मोठ्या संघराज्यात होता, त्याचे नाव माझ्या बुडाशी कोरले आहे; ते संघराज्य पुढे नकाशावर राहिले नाही. मी मात्र त्याआधीच हैदराबादला पोचलो होतो आणि सुलतान बाजारातल्या एका दुकानाच्या काचेमागे उभा होतो. तिथून मला एकनाथरावांनी घरी आणले.

एकनाथराव गौलीगुड्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत. राहायला मलकपेठेत. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांचे शिकवणे काही सुटले नाही. दर रविवारी सकाळी गल्लीतली मुले त्यांच्या दारात जमत. त्यांची नात रेणू त्यांत असेच. मग सगळी फौज दिलसुखनगरच्या पलीकडे निघे. तेव्हा तिकडे शेते होती, ताडाची झाडे होती आणि बाभळीखाली बसायला मोकळी जागा होती.

एकनाथरावांचा एकच नियम होता. ते मुलांना सांगत, "पाखराला बोलवायचं नाही. आपण जायचं, गुमान बसायचं. त्याला वाटेल तेव्हा ते येईल."

आणि ते खरोखर तसेच बसत. गोणपाटाचा आडोसा करून, मला मांडीवर घेऊन, डास चावले तरी हात न हलवता. मी त्यांच्या हातून खंड्या टिपला, वेडा राघू टिपला, टिटवीची अंडी टिपली. अर्थात रिळातली निम्मी चित्रे रिकामीच निघत. खटका दाबेपर्यंत पाखरू उडालेले असे. मुले हसत आणि म्हणत, "सरांनी पुन्हा फांदीचा फोटो काढला." एकनाथरावही हसत आणि ती चित्रे टोपलीत टाकून देत. मित्रांनो, ही टोपली लक्षात ठेवा.

आता एका पक्ष्याविषयी सांगतो. आपल्या पुस्तकात त्याला नीलपंख म्हणतात. इंग्रजी शाळेतली मुले ब्लू जे म्हणतात. हैदराबादेत मात्र सगळ्यांच्या तोंडी त्याचे एकच नाव आहे, पालपिट्टा. दसऱ्याच्या संध्याकाळी त्याचे दर्शन घ्यायचे आणि मग जम्मीची, म्हणजे शमीची पाने सोने म्हणून वाटायची, अशी इथली रीत. मराठी घरांनीही ती केव्हाच आपली मानली आहे. बसलेला असला तर हा पक्षी तपकिरी, मातकट दिसतो. उडाला की पंखांत निळाईचे दोन पट्टे असे काही उघडतात की बघणाऱ्याचे बोलणे अर्ध्यात राहते.

एकनाथरावांच्या पत्नी, तारामतीबाई, परभणीकडच्या. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला शेजारणींनी त्यांना गल्लीच्या तोंडाशी दर्शनाला नेले. तिथे पिंजरा घेऊन एक माणूस उभा होता. बायका पक्ष्याला हळदकुंकू लावत होत्या. पक्ष्याचे पंख चिकटवलेले होते. तारामतीबाई दर्शन न घेताच परत फिरल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बसलेला बघितला तर काय बघितला? मला उडताना बघायचाय."

तेव्हापासून दर दसऱ्याला ती दोघे शेतांकडे चालत जात. पक्षी दिसला की तारामतीबाई तिथल्या तिथे नवऱ्याच्या हातावर सोने ठेवीत आणि म्हणत, "घ्या मास्तर, झाला दसरा." कधी कधी अंधार पडेपर्यंत थांबावे लागे, पण त्या पिंजऱ्याकडे कधी वळल्या नाहीत.

नव्वद सालानंतर शहर भराभर बदलू लागले. गच्च्यांवर तव्यांसारख्या अँटेना उगवल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ आले. जिथे मुले आडोसा करून बसत, तिथे दगड रोवून जमिनीचे तुकडे पाडले गेले. इथे त्याला वेंचर म्हणतात. याच दिवसांत तारामतीबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचे कमरेचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पायाने पुन्हा बळ धरले नाही. खिडकीजवळच्या खाटेवर त्यांचे दिवस जाऊ लागले.

एकदा श्रावणात त्या सहज बोलून गेल्या, "आता माझा पालपिट्टा गेला म्हणायचा."

एकनाथराव म्हणाले, "तू येऊ शकत नाहीस तर मी आणतो. फोटोत आणतो. उडणारा."

त्या हसल्या. "मास्तर, तुमचं खंड्यापर्यंत ठीक आहे. ह्याचं जमणार नाही."

हे थट्टेतले बोलणे त्यांनी मनावर घेतले. पालपिट्टा ताडाच्या वाळलेल्या खोडाच्या ढोलीत घरटे करतो. असे एक खोड त्यांना ठाऊक होते आणि तिथे एक जोडी राहत होती. एकनाथराव रोज बस धरून तिकडे जात. मी त्यांच्या खांद्याला लटकलेला असे. त्या जोडीला आमची सवय होऊ लागली होती. अजून थोडे दिवस मिळाले असते तर काम झाले असते, असे मला आजही वाटते. पण एका सकाळी आम्ही गेलो तर खोड आडवे पडले होते. वेंचरवाल्यांची माणसे त्याचे तुकडे करत होती. तिथे रस्ता होणार होता. एकनाथराव मला डोळ्याला न लावताच परत आले. घरी त्यांनी काहीच सांगितले नाही. "होईल, होईल," एवढेच म्हणत राहिले.

दसरा आला. दुपारपासून आम्ही भटकलो. एकही पालपिट्टा दिसला नाही. उन्हे उतरली तेव्हा एकनाथराव मलकपेठेच्या वाटेवर थकून एका कठड्यावर बसले. समोर पिंजरा घेतलेला माणूस उभा होता. दर्शनाची गर्दी ओसरली होती. त्याने एकनाथरावांच्या खांद्यावर मला पाहिले आणि म्हणाला, "फोटू खेंचना है क्या साब? बाहर बिठा देतौं."

मित्रांनो, इथेच ते उठून निघून जातील अशी माझी खात्री होती. ते उठले खरे, पण त्या माणसाला घेऊन मागच्या मोकळ्या मैदानात गेले. तिथे एक बाभूळ होती. माणसाने पक्षी फांदीवर ठेवला. मागे आभाळ होते, पिवळसर उजेड होता. रानात असावे तसे सगळे दिसत होते. घाईत फोटो हलेल या भीतीने एकनाथरावांनी श्वास रोखला.

तो माणूस हसला. "हिलता नै साब. आराम से लेव."

खरेच, तो पक्षी हलला नाही. चोच किंचित उघडी टाकून तो नुसता बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच एका पाखराने मला हवा तेवढा वेळ दिला. मी त्याला स्वच्छ टिपला, एकेक पीस वेगळे दिसेल असा. त्याच्या माथ्यावर काय चिकटले होते, तेही मला दिसले. पण कॅमेऱ्याला बोट दाखवता येत नाही.

फोटो मोठा करून, चौकटीत घालून, तारामतीबाईंच्या खाटेसमोर लागला. त्यांनी तो पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "छान आलाय. उडायचा राहिला का?"

"पुढच्या वेळी," एकनाथराव म्हणाले.

रविवारी मुले आली. फोटो बघून सगळी त्याच्याभोवती गोळा झाली. असा फोटो सरांनी कधी काढला नव्हता. कुठे मिळाला, कसा मिळाला, प्रश्नांवर प्रश्न. एकनाथरावांनी आधी मोघम सांगितले. मग त्या वाळलेल्या खोडाची गोष्ट सांगितली, पण शेवट बदलून. खोड पडायच्या आदल्या दिवशी पक्षी आपणहून समोर येऊन बसला, असे ते म्हणाले. पुढच्या रविवारी त्यात थोडे धुके आले. त्याच्या पुढच्या रविवारी पक्ष्याने मान वळवून थेट त्यांच्याकडे पाहिले. मुले मलाही हातात घेऊन बघू लागली. "ह्या कॅमेऱ्यानं काढला," असे आल्यागेल्याला सांगू लागली. माझ्या अंगावरून कौतुकाने बोटे फिरत. जे समोर होते तेच मी टिपले होते. खोटे चित्रात नव्हते, ते चित्राखाली सांगितलेल्या गोष्टीत होते. पण कौतुक दोन्हींचे एकत्रच होत होते, आणि त्यातले माझे वेगळे काढता येईना.

एका रविवारी रेणू टपालाची तिकिटे बघायचे भिंग घेऊन फोटोसमोर उभी राहिली. सगळी मुले चिवडा खात बसली होती. तिने विचारले, "आजोबा, रानातल्या पाखराला कुंकू कोण लावतं?"

कुणाला काही कळले नाही. एकेक जण उठून भिंगातून बघू लागला. पक्ष्याच्या निळ्या माथ्यावर बारीकसा लाल डाग होता. आणि डागाच्या कडेला हळदीचा पिवळेपणा.

तेव्हा खाटेवरून तारामतीबाई म्हणाल्या, "अगं, कुंकू कसलं? पळसाच्या फुलाचा कण असेल. पाखरं चोच घालतात फुलात."

हर्षवर्धन नावाचा एक मुलगा होता, फार हुशार. तो सरळ मनाने म्हणाला, "पण आजी, पळस फाल्गुनात फुलतो. सरांनीच सांगितलंय."

सगळ्यांनी सरांकडे पाहिले. मी टेबलावर होतो. मला एकनाथरावांचा चेहरा समोरून दिसत होता. मित्रांनो, मी उन्हात, धुक्यात पुष्कळ चेहरे पाहिले आहेत. पण तो चेहरा कुणी मला टिपायला सांगितला असता, तर मी खटका अडकवून ठेवला असता. जी बाई साध्या गोष्टीतही खोटे बोलत नसे, ती आज मुलांसमोर खोटे बोलली होती, आणि ते एकनाथरावांसाठी. आणि तिचे खोटे त्यांनीच शिकवलेल्या धड्याने उघडे पडले होते.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

"कुंकूच आहे ते," ते म्हणाले. "तो पक्षी रानातला नव्हता. पिंजऱ्यातला होता. मी तुम्हांला जे सांगितलं, ते सगळं खोटं."

मुले हळूहळू निघून गेली. चिवड्याच्या बशा अर्ध्याच राहिल्या.

मग एकनाथरावांनी खाटेजवळ खुर्ची ओढली. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी," तारामतीबाई म्हणाल्या. "दिवसभर मला दुसरं काय आहे बघायला?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. पाखराला बोलवायचं नाही, असं तुम्हीच शिकवता ना? म्हटलं, वाटेल तेव्हा येतील."

एकनाथरावांनी तोंड झाकले नाही, पण त्यांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी ते रेणूला घेऊन त्या पिंजरेवाल्याला शोधत नदीकाठच्या वस्तीत गेले. पक्षी सोडवून आणायचा, नवी पिसे येईपर्यंत सांभाळायचा, असे त्यांनी ठरवले होते. तो माणूस सापडला. पिंजरा रिकामा, उलटा ठेवलेला होता. तो म्हणाला, "मर गया साब. ये पंछी पिंजरे में दाना नै खाता." त्याच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. घेतलेला फोटो बरा आला का, असे त्याने आपुलकीने विचारले. एकनाथराव तसेच मागे फिरले. वाटेत रेणूने त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

फोटो भिंतीवरून खाली आला. मला त्यांनी लोखंडी पेटीत ठेवले. रविवारचे जाणे बंद झाले. मुलांना काय तोंड दाखवायचे, असे ते म्हणत. पेटीत दमट होते. माझ्या भिंगावरची बुरशी तेव्हाची. ती पुसण्यासारखी होती, पण कुणी पुसली नाही.

पुढच्या भाद्रपदात तारामतीबाईंनी रेणूकडून पेटी उघडवली. मला खाटेवर ठेवून घेतले, पदराने पुसले आणि नवऱ्याला हाक मारली. "मास्तर, माझा पालपिट्टा अजून यायचाय."

"मला जमणार नाही."

"जमायला नको. जाऊन तर या. आणि एकटे नका जाऊ. पोरांना घेऊन जा."

निरोप रेणूनेच फिरवला. दसऱ्याच्या दुपारी मुले दारात आली. जरा लांबच उभी राहिली. एकनाथराव त्यांच्याकडे न बघता पुढे चालू लागले आणि मुले मागे. बसचा रस्ता संपला, तिथून आणखी पुढे चालत गेलो. मका उभा होता. रस्त्याकडेने टेलिफोनची सैल तार गेली होती. सूर्य खाली गेला, आणि मग हर्षवर्धनने न बोलता एकनाथरावांच्या सदऱ्याची बाही ओढली.

तारेवर पालपिट्टा बसला होता. मातकट, शांत, आमच्याकडे पाठ करून.

एकनाथरावांनी मला डोळ्याला लावले. बसलेला तर सहज मिळाला असता. पण ते थांबले. कुणीतरी कुजबुजले, "सर, खडा मारू का? उडेल." त्यांनी मान हलवून नको म्हटले. आम्ही थांबलो. उजेड कमी होत चालला. आणि पक्षी, त्याला वाटले तेव्हा, उडाला.

काय सांगू मित्रांनो, निळाईचे ते दोन पट्टे उघडले आणि मुलांच्या तोंडून एकदम श्वास बाहेर पडला. एकनाथरावांनीही तो डोळे भरून पाहिला, आणि पाहता पाहता खटका दाबायला उशीर झाला. मी उघडलो तेव्हा पक्षी मक्यापलीकडे गेला होता.

"चुकला, सर," रेणू म्हणाली. आजोबा न म्हणता सर म्हणाली.

"चुकला," एकनाथराव म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मुलांकडे सरळ पाहिले.

रीळ धुऊन आले. फोटोवाला म्हणाला, "इसमें कुछ नै है साब, कायकू पैसे डालते?" तरी त्यांनी ते चित्र मोठे करून घेतले. टोपलीत टाकायचे ते चित्र चौकटीत घालून त्यांनी तारामतीबाईंच्या हातात दिले. आभाळ, मका आणि मधून गेलेली एक तार. पाखरू नाही.

त्यांनी चित्र जवळ घेतले, लांब धरले, पुन्हा जवळ घेतले.

"तार पुसट आलीय इथं."

"हलत होती," एकनाथराव म्हणाले. "नुकताच उडाला होता."

"मग खरा होता," तारामतीबाई म्हणाल्या. उशीखाली ठेवलेली जम्मीची पाने त्यांनी काढली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली. पाने वाळून गेली होती. दसरा होऊन आठवडा लोटला होता. "घ्या मास्तर. झाला दसरा."

ती चौकट तारामतीबाईंच्या शेवटापर्यंत त्यांच्या खाटेसमोर होती. पहिला फोटो त्यांनी फेकू दिला नाही. तो त्याच चौकटीत, तारेच्या चित्रामागे घालून ठेवायला लावला. तो अजून तिथेच आहे. रेणूने आपल्या मुलाला चौकट दाखवली, की ती मागचे पुठ्ठे काढून दोन्ही चित्रे दाखवते. कुंकवाचा तो डाग बाहेर आला की मी आजही दुसरीकडे बघू लागतो. पण मला मान वळवता येत नाही, म्हणून तो मला प्रत्येक वेळी बघावाच लागतो.

मित्रांनो, तुमच्या हाती माझ्याहून कितीतरी शहाणी यंत्रे आहेत. त्यांना खटका दाबायला उशीर होत नाही. त्यांना बुरशीपासून जपा, कोरडी ठेवा. पाखरांनाही जपा. त्यांच्या झाडापाशी जा, पण झाड त्यांचेच राहू द्या. पाखरू उडून गेले तर रिकामी तार घरी न्यायला लाजू नका. आणि कधी एखाद्या चित्राखाली खोटे सांगून बसलात, तर कुणी भिंग घेऊन येण्याची वाट बघू नका. घरात कुणीतरी ते पहिल्याच दिवशी ओळखलेले असते. ते माणूस काही बोलत नाही, तुम्ही आपणहून याल म्हणून नुसते बसून असते.